यंत्राच्या हातातील सुरी आणि तिचा हिशेब

वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आता यंत्रमानव करतो, असे म्हटले जाते. ते खरे नाही. शल्यविशारद रुग्णापासून काही पावलांवर बसून मुठी फिरवितो आणि रुग्णाच्या पोटात शिरलेली हत्यारे त्याबरहुकूम फिरतात. १९९८ साली ब्रुसेल्स येथे डॉ. कादिएर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच रीतीने एका अतिस्थूल रुग्णाच्या जठराभोवती पट्टा बसविला.

यंत्राचा गुण मान्य केलाच पाहिजे. अतिस्थूल माणसाच्या पोटाची भिंत जाड असते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लांब दांड्यांची हत्यारे तिच्याशी झुंजतात आणि डॉक्टरांची मनगटे भरून येतात. तो भार यंत्र उचलते, हाताचा कंप गाळते. परंतु जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढण्याची शस्त्रक्रिया दुर्बिणीने केली काय आणि यंत्राने केली काय, वजन साधारण तेवढेच उतरते. वेळ बहुधा अधिक लागतो; खर्च तर अधिक येतोच.

हा खर्च कोठून येतो? दोन दशके या क्षेत्रात ‘दा विंची’ यंत्र बनविणाऱ्या एकाच अमेरिकन कंपनीची जवळजवळ मक्तेदारी होती. यंत्र एकदा विकले जाते. खरी कमाई पुढे, हत्यारे आणि देखभाल यांतून होते. चिमट्या-कात्र्यांमध्ये वापर मोजणारी चिप असते. ठरलेली संख्या भरली, की हत्यार धड असले तरी यंत्र ते स्वीकारीत नाही. पुष्कळ हत्यारांना ही मर्यादा १० वापरांची होती. २०२० मध्ये कंपनीने त्यांतील अनेकांची १२ ते १८ पर्यंत नेली. कंपनी सुरक्षिततेचे कारण देते. (तोवर फेकलेल्या हत्यारांपैकी किती खरोखर निकामी होती, हे विचारण्याची सोय रुग्णाला नव्हती, बिल मात्र त्याचेच.) अमेरिकेतील रुग्णालयेदेखील या सक्तीविरुद्ध न्यायालयात गेली.

आपल्याकडे गुरुग्राममध्ये ‘मंत्रा’ हे देशी यंत्र तयार झाले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण स्थूलता हा केवळ श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनी वा स्थूल आढळल्या. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली होती.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला जन्मभर जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियम घ्यावे लागते, रक्ततपासणी करावी लागते. त्या कामी यंत्राचा काडीचाही उपयोग नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय आणि ही औषधे तेथे मिळतात काय, याची चौकशी कार्यकर्त्यांनी याच महिन्यात करावी.