शाळेचे पटांगण आणि गावचा संघ

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नागरा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, वधूवर-परिचय झाला, जमाखर्च वाचून झाला, आणि आता मागच्या मांडवातून वरणाचा वास येऊ लागला असता आम्हांस बोलावयास उभे करण्यात आले आहे. भुकेल्या सभेपुढे बोलणाऱ्याने मुद्द्यावर लवकर यावे, एवढे व्यवहारज्ञान आम्हांस आहे. आमचा मुद्दा जमिनीच्या एका तुकड्याविषयी आहे. दुपारच्या कार्यक्रमपत्रिकेत शाळेच्या मुलांच्या खेळाच्या जागेवर समाजभवन बांधण्याचा ठराव आहे. त्या ठरावास विरोध करण्यापूर्वी ती जागा आम्हांस काय वाटते, हे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

आमच्या लहानपणी या गावात आखराच्या पलीकडे जेथे गुरे जमत तेथेच आम्ही खेळत असू. पावसाळ्यात सभोवार धानाच्या बांधी पाण्याने भरलेल्या. कोरडी सपाट जमीन म्हणून मिळे ती तेवढीच. मार्गशीर्षात कापणी उरकली की बांधी मोकळ्या होत, पण धानाची धसकटे पायांस अशी टोचत की संध्याकाळी आई हळद लावून लावून कंटाळे. दोन बांबू रोवावयाचे, वरती सुंभ बांधावयाचे, की झाला गोल. चेंडू चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी चामड्याची फीत. ती फीत कपाळावर बसली की वळ उठे. ओल्या गवतात चेंडू पाणी पिऊन इतका जड होई की गोलरक्षक तो अडविण्याऐवजी बाजूला होणे पसंत करी. बूट कोणाजवळच नव्हते. पुढे आम्ही वाचले की १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारताचे पुष्कळसे खेळाडू अनवाणीच फ्रान्सविरुद्ध उतरले होते आणि अवघ्या एका गोलाने हरले. तेव्हा आम्हांस आपल्या भेगाळलेल्या टाचांचा थोडा अभिमान वाटला हे कबूल करतो.

माध्यमिक शिक्षणासाठी आम्ही दोन कोसांच्या आतील गोंदियास सायकलीने जात असू. तेथे खऱ्या अर्थाने पटांगण पाहिले. फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा प्रथम पाहिल्या तेव्हा त्यांवर पाय देण्यास आम्ही कचरलो होतो. रांगोळीवर पाय देऊ नये हा घरचा संस्कार! गोंदिया हे बंगाल नागपूर रेल्वेचे जंक्शन, आणि त्या रेल्वेचा संघ कलकत्त्याच्या लीगमध्ये नामांकित संघांशी खेळत असे. त्यामुळे आमच्या लेखी ‘बी.एन.आर.’ ही अक्षरे जितकी आगगाडीची तितकीच फुटबॉलचीही होती. आपल्या विदर्भात या खेळाचे खरे माहेर मात्र कामठी होय. १८२१ साली तेथे इंग्रजांची छावणी बसली. इंग्रज गेले, पण चेंडू राहिला. आजही कामठीच्या मोहल्ल्यांतून निघालेली मुले नागपूरच्या स्पर्धांतून खेळतात.

येथे थोडा हिशेब मांडू द्यावा. कबड्डीचे पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, म्हणजे अवघे १३० चौरस मीटर. खोखोला २७ बाय १६ मीटर पुरतात. फुटबॉलला मात्र नियमाप्रमाणे लांबी कमीत कमी ९० मीटर आणि रुंदी कमीत कमी ४५ मीटर लागते. हा गुणाकार ४,०५० चौरस मीटर होतो. म्हणजे, शेतकऱ्यांच्या सभेत सांगावयाचे तर, जवळजवळ नेमका एक एकर! एका फुटबॉलच्या जागेत कबड्डीची तीसेक क्रीडांगणे सहज मावतील. आपल्या मातीतले खेळ थोड्या जागेत का वाढले आणि फुटबॉल छावणी व रेल्वे वसाहतीपाशी का रेंगाळला, याचे एक मोठे कारण या गुणाकारात आहे. देशी खेळांस आम्ही कमी लेखत नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनपर्यंत नेऊन ते जगास दाखविले, हे आपणांस ठाऊकच आहे. पण एकरभर मोकळी जमीन एकदा गेली की ती परत मिळत नाही, आणि तिच्याबरोबर एक खेळ समूळ जातो, एवढेच आमचे म्हणणे.

आता ‘गावचा संघ’ म्हणजे काय ते सांगतो. परक्या मैदानावर अकरा मुले खेळतात. आपल्या मैदानावर त्या अकरांबरोबर जमीनही खेळते. आमच्या शाळेच्या पटांगणास नैर्ऋत्येकडे उतार होता. उत्तरार्धात आम्ही त्या दिशेने खेळत असलो की चेंडू न मारताही थोडा पुढे जाई. विहिरीजवळच्या कोपऱ्यात श्रावणापासून दसऱ्यापर्यंत चिखल असे. पाहुण्या संघाचा धावपटू तेथे हमखास घसरे आणि कुंपणावर बसलेली आमची सारी शाळा आनंदाने ओरडे. शिपाई घंटा द्यावयाचे विसरे. चहाच्या टपरीवाला, सायकल दुरुस्त करणारा, जातीने आणि धर्माने निरनिराळी अशी किती तरी माणसे त्या कुंपणाशी उभी राहून ‘आपली पोरे’ म्हणत. आपण येथे एका ज्ञातीच्या संमेलनात बसलो आहोत, म्हणून मुद्दाम सांगतो: आमच्या संघात आपल्या ज्ञातीचे तिघेच होतो. बाकीचे आठ कोण होते हे आम्ही त्या वेळी कधी मोजले नव्हते. आज मोजावे लागले, कारण हे भाषण लिहावयाचे होते.

कोल्हापुरात हे ‘आपले’पण पाहावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार – पेठापेठांतील कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बांधले, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातल्या घरात दोन तट पडतात. त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुले पावसात मोडकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली आणि त्यांतून २००१ च्या सुमारास त्या मुलांच्या फुटबॉलचे कार्य उभे केले. खेळण्याची इच्छा मुलांत असतेच. जागा आणि चेंडू मोठ्यांनी द्यावयाचा असतो.

आता जे सांगावयाचे ते सांगणे आम्हांस सोपे नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त आम्ही एका तालुक्याच्या गावी होतो. गावाचे नाव सांगत नाही. तेथील शाळेच्या समितीवर आम्हांस घेतले होते. पटांगणाच्या एका बाजूस सभागृह बांधावे, लग्नकार्यास भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नातून शाळेला छप्पर घालावे, असा ठराव आला. हेतू चांगला होता. ‘अर्धे मैदान राहतेच’ असे सर्वांनी म्हटले. आम्हीही म्हटले, आणि सही केली. पहिल्या वर्षी मुले आडवे गोल मांडून खेळली. दुसऱ्या वर्षी लग्नाचे मंडप उरलेल्या अर्ध्यात येऊ लागले, खांबांचे खड्डे राहिले, एका मुलाचा पाय त्यात मुरगळून मोडला. तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला संघच गेला नाही. त्या वर्षीचा कप्तान दहावीत होता. तो आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाला, “सर, सराव कुठे करायचा?” आम्ही त्यास रेल्वे फाटकापलीकडची एक जागा सांगितली. ती जागा आम्ही स्वतः कधी पाहिली नव्हती. छप्पर मात्र झाले, हे खरे; त्याखाली वर्ग भरतात, हेही खरे.

म्हणून आजचा ठराव वाचताना आमचा हात थबकला. कोणी म्हणेल, खेळाने पोट भरते काय? त्यांस व्यवहाराचीच गोष्ट सांगतो. दिल्लीच्या सुब्रतो चषकाची शालेय स्पर्धा १९६० पासून चालू आहे, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढून कोणत्याही खेड्यातील शाळेस तेथवर जाता येते. सतरा वर्षांखालील मुलींचाही तीत स्वतंत्र गट आहे. आमची नात डाव्या बगलेवर खेळते, आणि तिच्या आजीस हे अजून पूर्ण पसंत नाही! दहावी-बारावीच्या परीक्षेत पात्र खेळाडूंस सवलतीचे गुण आहेत, आणि राज्याच्या शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंस पाच टक्के आरक्षण आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तर शाळेच्या आवश्यक गोष्टींत वर्गखोली व पिण्याच्या पाण्याबरोबर खेळाचे मैदानही घातले आहे.

समाजभवन नको असे आम्ही म्हणत नाही. लग्नास जागा मिळत नाही, महाशिवरात्रीस शिवमंदिराच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांस उतरावयास सोय नाही, या अडचणी आम्हीही भोगतो. आमची सूचना एवढीच की भवन रस्त्याकडील पडीक पट्टीत दोन मजली बांधावे. खर्च वाढेल. त्या वाढीव खर्चात आमचा वाटा आम्ही कोषाध्यक्षांकडे आज लिहून दिला आहे; रक्कम येथे सांगत नाही, कारण ती मोठी नाही. मात्र ठरावावर मत देण्यापूर्वी सभासदांनी ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी. नव्वद मीटर आणि पंचेचाळीस मीटर उरतात की नाही, हे कागदावर भांडून कळणार नाही. जेवणे झाल्यावर आम्ही तिकडे जाणार आहोत. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी यावे. टेप आमच्यापाशी आहे, दुसरे टोक धरावयास कोणी तरी हवे.