संगणकाचा पहारेकरी : फुकट की विकत?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस फुकटचा घ्यावा की विकतचा, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा वाटतो. पक्षाच्या अभ्यासवर्गात त्याची चर्चा कशाला, अशी शंकाही कुणाच्या मनात येईल. परंतु कार्यकर्त्याच्या घरचा संगणक आज केवळ त्याच्या कुटुंबाचा राहिलेला नाही. मुलांचा अभ्यास ज्या यंत्रावर होतो, त्याच यंत्रावर घरकामगार भगिनींचे नोंदणी अर्ज असतात, बांधकाम मजुरांच्या आधारपत्रांच्या प्रती असतात, युनियनच्या सभासदांची यादी असते. ज्यांनी विश्वासाने आपली कागदपत्रे चळवळीच्या हाती दिली, त्यांच्या कागदांची राखण हा या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

अँटिव्हायरस करतो काय, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. संगणकात येणारी प्रत्येक फाइल तो उघडून पाहतो, कोणता प्रोग्राम काय करतो आहे यावर नजर ठेवतो, आणि बहुधा वाचक कोणत्या वेबस्थळावर गेला हेही तपासतो. यासाठी त्याला यंत्रातील सर्वोच्च अधिकार द्यावे लागतात. घरातील प्रत्येक खोलीची आणि प्रत्येक पेटीची किल्ली ज्याच्या कमरेला असते, असा हा पहारेकरी आहे. त्यामुळे त्याचा पगार किती, याच्याआधी तो चाकरी कुणाची करतो, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

फुकटच्या पहारेकऱ्याची एक कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. १९८८ साली चेकोस्लोव्हाकियात पावेल बाउदिश आणि एदुआर्द कुचेरा या दोन संशोधकांनी अल्विल नावाची संस्था स्थापन केली. ती आरंभी सहकारी संस्था होती. तिचाच पुढे अवास्ट हा जगप्रसिद्ध अँटिव्हायरस झाला, आणि २००१ पासून तो घरगुती वापरासाठी विनामूल्य मिळू लागला. कोट्यवधी लोकांनी तो घेतला. जानेवारी २०२० मध्ये शोधपत्रकारांनी उघडकीस आणले की, वापरकर्त्यांच्या वेबवरील वावराची नोंद जम्पशॉट या उपकंपनीमार्फत मोठमोठ्या उद्योगांना विकली जात होती. त्याच महिन्यात ती उपकंपनी बंद करण्यात आली. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले आणि जाहिरातीसाठी अशी माहिती विकण्यास मनाई केली. पाळतीपासून संरक्षण देऊ, असे सांगणाऱ्यानेच पाळत ठेवली, हा त्यातला सर्वात बोचरा भाग. सहकारातून जन्मलेली वस्तूही मालकी आणि हेतू बदलले की कोठे जाऊन पोहोचते, याचे हे उदाहरण आहे.

मग पैसे मोजले की निश्चिंती, असे म्हणावे काय? तसेही नाही. नॉर्टन हे विकतच्या अँटिव्हायरसमधील जुने नाव. २०२१ मध्ये या कंपनीने ग्राहकांच्या संगणकावर आभासी चलन निर्माण करण्याची सोय आपल्या उत्पादनात घातली आणि त्या कमाईतील १५ टक्के वाटा स्वतःसाठी ठेवला. वीज ग्राहकाची, यंत्र ग्राहकाचे, आणि दलाली पहारेकऱ्याची! ती योजना ग्राहकाच्या संमतीनेच चालू होत असे, हे खरे. पण संरक्षणासाठी घेतलेल्या वस्तूत ती असावीच का, हा प्रश्न उरतो. शिवाय या क्षेत्रातली मक्तेदारीही ध्यानात घ्यावयास हवी. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. पुढे अविरा नॉर्टनच्या कंपनीकडे गेली आणि २०२२ मध्ये अवास्टही तिच्यात विलीन झाली. आज ही चारही नावे जेन डिजिटल या एकाच मालकाची आहेत. दुकानात फुकट आणि विकत अशा दोन फळ्या दिसतात, गल्ला मात्र एकच असतो.

विकतच्या मालाची विक्री पुष्कळदा भयावर चालते. पहिल्या वर्षी सवलत, दुसऱ्या वर्षी पूर्ण दर, आणि खात्यातून परस्पर रक्कम वळती, ही रीत सर्रास आढळते. तथापि प्रत्येक विकतचा अँटिव्हायरस म्हणजे लूट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी उभा केलेला क्विक हील हा उद्योग गणकयंत्रांच्या दुरुस्तीच्या कामातून वर आला, आणि १९९०च्या दशकात फ्लॉपीवरून पसरणाऱ्या व्हायरसांनी त्रस्त झालेल्या अनेक लहान कचेऱ्यांना त्याचा आधार वाटला. मराठी माणसाच्या या कर्तृत्वाचे कौतुक अवश्य करावे. परंतु खरेदीचा निर्णय अभिमानावर नव्हे, गरजेवर घ्यावा.

आणि गरजेचे चित्र गेल्या काही वर्षांत पालटले आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने डिफेंडर हा अँटिव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत केला. जर्मनीतील एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेच्या परीक्षांत त्याने अनेकदा पैकीच्या पैकी गुण मिळवले आहेत. अर्थात तोही खरा फुकट नाही, विंडोजच्या किमतीत त्याचे मोल वसूल झालेलेच असते. एकदा दिलेल्या पैशावर पुन्हा पैसे का द्यावेत, हा सामान्य कुटुंबाचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

कोणताही अँटिव्हायरस सर्वज्ञ नसतो. फ्रेड कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकातच सिद्ध केले की, प्रत्येक व्हायरस अचूक ओळखणारा प्रोग्राम तत्त्वतःच अशक्य आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने सुमारे १५० देशांतील संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती अनेकांनी बसवली नव्हती. त्या त्रुटीचे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने घडवून स्वतःपाशी लपवून ठेवले होते, आणि तेथूनच ते फुटले. सरकारे शस्त्रे साठवतात आणि किंमत रुग्णशय्येवरचा माणूस मोजतो, हे येथेही घडले.

या विवेचनातून निघणारा व्यवहार साधा आहे. ज्याच्या संगणकावर चालू आवृत्तीची विंडोज आहे, त्याने अंतर्भूत डिफेंडर चालू ठेवावा आणि येणाऱ्या दुरुस्त्या टाळू नयेत. मुदत संपलेला अँटिव्हायरस यंत्रात पडून असेल तर काढून टाकावा. मदतीसाठी आपल्या भाषेत बोलणारा माणूस हवा असेल, किंवा मुलांच्या वापरावर देखरेखीची सोय हवी असेल, तर विकतचा घेण्यास हरकत नाही; मात्र दुसऱ्या वर्षाचा दर पाहूनच घ्यावा. चोरून उतरवलेले मराठी टंक आणि छपाईच्या प्रणाली मात्र कटाक्षाने वर्ज्य कराव्यात, कारण व्हायरसचे येणे त्याच वाटेने सर्वाधिक सुलभ होते. युनियनच्या शाखेपाशी थोडे पैसे असतील तर त्यांची एक वेगळी हार्डडिस्क घ्यावी, सभासदयाद्यांची प्रत तीवर ठेवावी आणि एरवी ती संगणकापासून अलग ठेवावी. खंडणीखोराला यापेक्षा चोख उत्तर नाही. फोनवरून पोलीस असल्याची बतावणी करून पैसे उकळणाऱ्यापुढे तर कोणताच अँटिव्हायरस चालत नाही. तेथे सावध मन आणि १९३० हा मदतक्रमांकच उपयोगी.

जुन्या संगणकांचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि चालू स्थितीतील असंख्य यंत्रे नव्या आवृत्तीस अपात्र ठरली. येथे फुकट आणि मुक्त यांतील भेद कळतो. लिनक्स ही प्रणाली मुक्त आहे. तिचा अंतर्भाग कोणीही तपासू शकतो, आणि जुन्या यंत्रावरही ती चालते. केरळने आपल्या सरकारी शाळांतून तिचा वापर रूढ करून दाखवला. क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरसही याच परंपरेतला आहे.

शेवटी, निरोगी पाण्याप्रमाणे सुरक्षित संगणकही ज्याच्या त्याच्या खिशावर सोडता येणार नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले आणि तेथून विनामूल्य साधने उपलब्ध केली. ते पाऊल स्वागतार्ह होते. परंतु त्याच संस्थेला नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून वगळण्यात आले. पहारेकरी सार्वजनिक असावा आणि तो जाब देणाराही असावा, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे. तोवर ज्या मजुराचे आधारपत्र शाखेच्या संगणकात आहे, त्याची जबाबदारी शाखेची आहे. ती कोणत्याही कंपनीवर ढकलता येणार नाही.