स्वागताध्यक्षांचे भाषण : सागरतळ आणि आपले उत्तरदायित्व



मांडवीकाठच्या या पणजी नगरीत, जिच्या शेजारी दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपले कार्य करीत आहे, आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा मान समितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

निवृत्त अणुनौकांचे सागरात विसर्जन हा आपल्या चर्चेचा विषय. सुमारे शंभर पाणबुड्या, इंधन काढून घेतल्यावर, केप हॅटरसपुढील अटलांटिकात किंवा केप मेंडोसिनोपलीकडील प्रशांत महासागरात बुडवाव्यात काय, याचा विचार अमेरिकी नौदलाने १९८२ च्या मसुद्यात केला. तळाचा गाळ, खोलातील प्रवाह आणि पोलाद गंजण्याचा वेग यांचा अभ्यास झाला. आणि १९८४ साली अणुभट्टीचे कप्पे हॅनफर्डच्या भूमीत पुरण्याचा निर्णय झाला. या निर्णयाचे मर्म मला दोन दाखल्यांत दिसते. ‘सीवुल्फ’ पाणबुडीची अणुभट्टी १९५९ मध्ये अटलांटिकात सुमारे २,७०० मीटर खोल सोडण्यात आली. पुढे तिचा शोध घेतला, तेव्हा ती सापडली नाही. उलट, १९८९ साली नॉर्वेच्या समुद्रात अपघाताने बुडालेली ‘कोमसोमोलेत्स’ ही अणुपाणबुडी सुमारे १,६८० मीटर खोल असूनही तिचा ठावठिकाणा ज्ञात होता; म्हणूनच २०१९ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांना यंत्रमानव तिच्यापर्यंत नेऊन एका वायुनलिकेतून झिरपणारे सीझियम मोजता आले, आणि ते भोवतालच्या पाण्यात लवकर विरळ होते, याचीही खातरजमा करता आली. ज्याची फेरतपासणी शक्य नाही, त्याची विल्हेवाट लागली असे म्हणण्याचा अधिकार कोणाही सरकारास नाही, असे माझे नम्र मत आहे.

१९७२ च्या लंडन करारात १९९३ साली दुरुस्ती होऊन किरणोत्सारी कचऱ्याचे सागरी विसर्जन निषिद्ध ठरले. तथापि १९८२ मध्ये सोव्हिएत नौदलाने नोवाया झेम्ल्याच्या उपसागरात इंधनासह बुडविलेली के-२७ ही अणुपाणबुडी आजही तळाशीच आहे, आणि मनाई हुकमाने मागील जबाबदारी संपुष्टात येत नाही. अंदाजपत्रकात नव्या मोहिमेस तरतूद मिळते, जुन्या जागेच्या पुनःपरीक्षणास मात्र कात्री प्रथम लागते. म्हणून अशा नियतकालिक पाहणीसाठी कायम तरतुदीची मागणी या परिषदेने ठरावाच्या रूपाने करावी, अशी माझी विनंती आहे.

आमचे आतिथ्य आपण गोड मानून घ्यावे, एवढे विनवून, अध्यक्षमहाराजांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी मी त्यांना प्रार्थना करतो.