घरच्या रुग्णाची दुरून शुश्रूषा



शुश्रूषा हे हाताचे काम. ते दुरून कसे व्हावे, अशी शंका आजचा विषय ऐकून कोणासही येईल. ती रास्त आहे, आणि तिच्यापासूनच आम्ही आरंभ करतो.

करोनाच्या साथीत, २०२० साली, हा प्रश्न कोल्हापूरच्या घराघरांत येऊन उभा राहिला. सौम्य लक्षणांच्या रुग्णाने घरीच निराळे राहावे, बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायू पाहावा व डॉक्टरांशी दूरध्वनीवर संपर्क ठेवावा, असे ठरले. मात्र निराळी खोली हवी, आणि रात्रंदिवस पाहणारे माणूस हवे. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात हे कसे जमावे? पुढे मे २०२१ मध्ये साथीचा जोर असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे शासनाने जाहीर केले; त्यांत आपला जिल्हाही होता. तेव्हापासून घरची शुश्रूषा म्हणजे निव्वळ धूळफेक, असे पुष्कळजण म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. पण आमची चूक आधी सांगतो.

आमच्या एक वृद्ध मावशी त्या दिवसांत घरीच आजारी होत्या. आम्ही रोज दोनदा दूरध्वनी करीत असू. "मावशी, बरं आहे ना?" "बरं हाय की! मला काय धाड भरलीया?" तीन दिवस हाच संवाद. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलीने कळविले की, न्हाणीपर्यंत जाताना मावशी वाटेत दोनदा बसतात. ऑक्सिमीटर लावला, तो ८८! तातडीने रुग्णालयात हलविले म्हणून त्या वाचल्या. आमचा आवाज रोज पोहोचत होता. पाहिले मात्र त्या मुलीने.

दोष यंत्राचा नव्हता, प्रश्नाचा होता. "बरे आहे ना?" या प्रश्नाला आपली वडीलधारी माणसे दुसरे उत्तर देतच नाहीत. विचारावे ते असे : आज किती भाकरी खाल्ली? लघवीस किती वेळा गेलात? बोलताना मध्येच थांबावे लागते का? त्या साथीत सहा मिनिटे चालून पाहण्याची कसोटी होती. साठीपुढच्यांनी तीनच मिनिटे चालावयाचे. चालल्यावर आकडा तीनहून अधिक उतरला किंवा धाप लागली, की डॉक्टर गाठावयाचा. दमेकऱ्यांना मात्र ही कसोटी वर्ज्य होती.

आता जुना दाखला पाहू. क्षयरोग्याला आरोग्यधामातच ठेवले पाहिजे, असे पूर्वी मानीत. आपल्या भागातले रुग्ण मिरजेजवळ वानलेसवाडीस जात. मद्रास येथे १९५६ साली तुलना सुरू झाली : काही रुग्ण आरोग्यधामात, काही आपल्या दाटीच्या घरात, औषधे दोघांना तीच. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले, असे १९५९ साली प्रसिद्ध झाले; त्यांच्या कुटुंबीयांतही रोग अधिक पसरला नाही. परंतु तेथे कर्मचारी न सांगता दारी जात, गोळ्या मोजीत, लघवी तपासीत. यश औषधाचे खरेच, पण दार ठोठावणाऱ्या हाताचेही होते.

अलीकडे क्षयाच्या गोळीच्या वेष्टनाखाली क्रमांक दडवून, गोळी काढल्यावर त्यावर रुग्णाने फुकट दूरध्वनी करावा, अशी योजनाही देशात राबविली गेली. युक्ती चांगली. मात्र त्याने गोळी बाहेर निघाली एवढेच कळते; पोटात गेली की नाही, हे घरातले माणूसच सांगेल.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : दुरून शुश्रूषा होऊ शकते, पण ती रुग्णाशी नव्हे, त्याच्याजवळच्या माणसाशी बोलून. ते माणूस कोण, त्याने काय पाहावे, आणि बिघडल्यास गाडी कोणाची व खाट कोठे, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे. आशाताईंवर सारा भार टाकून मोकळे होऊ नये. महापुरात धावून जाणाऱ्या आपल्या तालमींना प्रत्येक गल्लीत अशी दोन माणसे तयार करणे अवघड नाही. पुढची साथ सांगून येणार नाही. माणसे मात्र आधी सांगून ठेवता येतील.