डब्यातलं आभाळ

कवीनं चांदण्यांवर बोलावं यात नवल नाही. पण आज मी चांदण्यांवर पहारा ठेवणाऱ्या एका डब्याविषयी बोलणार आहे.

लहानपणी एकोणतिसावा रोजा सुटला, की अब्बा आम्हा भावंडांना माळवदावर नेत. पश्चिमेला नखाएवढी चंद्रकोर दिसायची. ती मावळली, की डोक्यावर चांदण्यांचा सडा! आज त्याच माळवदावरून चंद्रकोर सापडते, सडा मात्र दिसत नाही. ‘‘मामू, किती कमी झालं?’’ असं भाच्यानं विचारलं, तेव्हा मी गप्प झालो. मी बी.ए. झालेला माणूस, ‘पुष्कळ’ एवढंच माझं मोजमाप.

आभाळाच्या काळोखालाही माप असतं. आकडा जितका मोठा, तितका काळोख दाट. निखळ अंधाऱ्या आभाळाचं माप 22 च्या आसपास, मोठ्या शहरात 18 च्याही खाली. फरक चारचाच वाटतो. पण 18 चं आभाळ 22 च्या आभाळापेक्षा सुमारे चाळीस पट उजळ असतं.

भाच्यानं मग छोटा संगणक, कॅमेरा आणि सगळं आभाळ एका नजरेत घेणारी लेन्स एका डब्यात बसवली. वर पारदर्शक घुमट, शेजारी सौरपट्टी. डबा शेतातल्या खांबावर चढवला. पाऊस शिरू नये म्हणून एकूण एक फट बुजवली. आठवड्यातच चित्रांत धुकं आलं. डबा दिवसा तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. रात्री गारव्यानं आकसते आणि बारीकशा फटीतूनही दमट हवा ओढून घेते. डबाही श्वास घेतो, हे आम्ही विसरलो होतो. मग तळाला वाफ जाऊ देणारी, पण पाणी अडवणारी जाळी लावली, ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या, घुमटावर दव धरू नये म्हणून खाली किंचित ऊब दिली. वायरला झोळ दिला. पाणी तिथूनच ठिबकून जातं.

दुसरी चूक सूक्ष्म होती. कॅमेरा स्वतःच उजेड जुळवून घेत होता, त्यामुळे सगळ्या रात्री सारख्याच दिसत. आता दर अमावास्येला, निरभ्र आभाळाचं, तेवढ्याच सेकंदांचं चित्र घेतो.

मग गावात उंच खांबावरचे दिवे आले. आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं, तर पूर्वेकडचे तारे पुसलेले. दोन्ही चित्रं घेऊन मी ग्रामसभेत गेलो. एक बाई उठून म्हणाल्या, ‘‘भाईजान, आमच्या पोरी रात्री क्लासहून येतात.’’ खरंच होतं ते. मी म्हणालो, ‘‘ताई, दिवा काढू नका. त्याला टोपी घाला. उजेड पोरींच्या पायाशी पडू द्या, आभाळात सांडू नका.’’

हे अशक्य नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांतले रस्त्यांवरचे दिवे बदलले गेले आणि जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्रातलं पेंच देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं.

आमच्या गावात आजवर एकाच दिव्याला टोपी बसली आहे. डबा खांबावर आहे. पुढच्या अमावास्येला तो खरं काय ते सांगेल.