नेटच्या डब्याची वीज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

मागे मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या मुलांनो,

तुमच्या त्या नेटला वीज कुठून मिळते, एवढंच सांगतो. नोकरी सगळी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, त्यामुळे विषय सुटत नाही.

आपण इथे राहायला आलो तेव्हा घरोघरी लँडलाइन होती. लकडगंजची लाइट जायची, फोन मात्र चालू. कारण फोनची वीज फोनच्या तारेतूनच यायची. एक्सचेंजमध्ये दोन-दोन व्होल्टचे २४ सेल, म्हणजे ४८ व्होल्टची बॅटरी, तिच्या पाठीशी जनरेटर. ती खोली आम्ही देवघरासारखी जपायचो. आता फायबर आलं. त्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. एक्सचेंजची जबाबदारी गुपचूप आपल्या जिन्यात येऊन पडली.

आणि जिन्यात काय आहे? नेटचा डबा दिव्याच्या पॉइंटवरून जोडलाय. दोन वायरी, अर्थिंग नाही. दिव्यासाठी एमसीबी पाडला की नेट बंद. मागच्या पावसाळ्यात मीटररूममध्ये न्यूट्रल सुटला, तेव्हा राउटर जळाले ते आठवतं ना? थ्री-फेजचा न्यूट्रल गेला की २३० च्या जागी एका घरात तीनशेच्या वर व्होल्ट, दुसऱ्यात दिवा नुसता मिणमिणतो.

आता नवीन कपाट येतंय. १६ कॅमेरे, गेटचा इंटरकॉम आणि लिफ्टमधला फोनसुद्धा त्यावरच. हिशोब करू. कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज जाते, एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॅट. सोळांचे झाले साधारण २५०. स्विच, रेकॉर्डर वगैरे मिळून ३५० धरा. कोटेशनमधल्या यूपीएसला १२ व्होल्ट, ७ एएचची एकच बॅटरी आहे, कागदावर ८४ वॅट-तास. पूर्ण लोडवर दहा मिनिटंही निघणार नाहीत. लिफ्ट अडकते ती लाइट गेल्यावरच, आणि नेमका तेव्हा आतला फोन बंद! दोन तास हवे असतील तर घरच्या इन्व्हर्टरला लावतो तशी १५० एएचची बॅटरी लागेल.

कपाट गच्चीवरच्या खोलीत ठेवा, असं काहींचं मत आहे. बाप्पा, २०१३ च्या मेमध्ये नागपूर ४७.९ अंशांवर गेलं होतं! दर दहा अंशांमागे बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तळमजल्यावर, हवेशीर जागी ठेवा. आरामशिनींचा भुसा उडतो, म्हणून पंख्याला जाळी लावा.

राहिलं अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. ऑगस्टमध्ये मोजलं तर सगळं छान दिसतं. मोजायचं मेमध्ये, आणि खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, अर्थिंग, मोठी बॅटरी, यांतलं काहीच कोटेशनमध्ये नाही. सेक्रेटरीसाहेब, ठराव मांडण्याआधी तेवढं लिहून घ्या. मीटररूममधून लाइन कुठून न्यायची ते मी खडूने आखून ठेवलंय, जेवणानंतर दाखवतो.