कप कोण विसळतं?



मानपाड्याला घोडबंदर रोडवर टॉवरखाली कॉफीची दुकानं झालीत. आत बसणारे म्हणतात, इथं आपली कम्युनिटी आहे. मी विचारतो, त्या कम्युनिटीत कप विसळणारा पोरगा येतो का?

माझ्या बापाची कपबशी गावच्या हॉटेलात वळचणीला असायची. आपणच काढायची, आपणच विसळायची, चहा वरून ओतून घ्यायचा. १९५० ला घटनेच्या कलम १५ नं दुकान-हॉटेलाचं दार उघडलं. १९५५ च्या कायद्यानं अडवणं गुन्हा ठरलं. आता दारात जात पुसत नाहीत, खिसा चाचपतात.

अन् कॉफी येते कुठून? चिकमगळूर, कुर्गच्या मळ्यांतून. कुर्गात येरवा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राबले, कित्येक वेठबिगार म्हणून. पाकिटावर मळ्याचं नाव असतं, डोंगराची उंची असते. फळं तोडणाऱ्या बाईचं नाव कुठंय?

१९५७ साली कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली. कामगार गप घरी गेले नाहीत. ए. के. गोपालन पुढं झाले, कामगारांनी सहकारी सोसायट्या काढल्या, इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवलं. वेटर मालक झाला. त्यातली कित्येक आजही चालू आहेत.

तेव्हा आत बसायला मिळालं म्हणून हुरळू नका. मशीनवर आपली पोरं उभी आहेतच. गल्ल्यावर कोण बसतं, ते बघा. महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदा सांगतो, सोसायटीला निदान दहा वेगवेगळ्या घरांतली माणसं पाहिजेत.

मोजा. या सभेत दहाच्या वर आहेत.